अकरा मिनिटांची फाईल

माझ्या लॅपटॉपवर एक फाईल आहे. अकरा मिनिटं चार सेकंदांची. गेल्या काही वर्षांत चार लॅपटॉप बदलले, तीन कंपन्या बदलल्या, पण नवीन मशीन हातात आलं की सगळ्यात आधी ही फाईल कॉपी होते. मग बाकीचे फोटो, गाणी वगैरे. आणि खरं सांगायचं तर ती फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी मोजून पाच-सहा वेळाच ऐकली असेल. ऐकवत नाही. का ते सांगतो.

२००८ ची दिवाळी. मी पुण्याहून अमरावतीला घरी गेलो होतो. नवीन नोकिया घेतला होता आणि त्यात व्हॉइस रेकॉर्डर होता. तेव्हा त्याचं अप्रूप होतं मंडळी, हसू नका! दुपारची जेवणं झाली होती, आजी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती, आणि बाबा सहज बोलून गेले, "अरे, आजीनं बाबासाहेबांना पाह्यलं आहे. नागपूरले. बेचाळीस साली." मी तीन ताड उडालो. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि हे मला आत्ता कळत होतं. लगेच फोन काढला, रेकॉर्डर सुरू केला आणि आजीसमोर धरला.

फाईलमध्ये पहिला आवाज माझाच आहे. "हां आजी, सांग. बाबासाहेबांना पाहिलंस ना? कसे दिसत होते?"

आजी म्हणते, "दुरून दिसले बापा. मी केवढी होती! बारा वर्साची. मायसंग गेली होती. बडनेऱ्याहून गाडीनं गेलो आमी, लय बाया होत्या, जिनातल्या साऱ्या. भाकरी बांधून घेतल्या होत्या अन्..."

मी : "भाषणात काय म्हणाले ते आठवतं का?"

"भाषन... तसं ध्यानात नाई. पन बायाईची सभा येगळी होती. तिथं एक बाई अध्यक्ष होती, आपल्या अमरावतीचीच. ते बोलली, अन् माय..."

मी : "ते राहू दे आजी. बाबासाहेब काय म्हणाले ते सांग ना."

ऐकलंत? "ते राहू दे." साडेतीन मिनिटांवर आहे हे वाक्य. पुढची साडेसात मिनिटं मी आजीला एकाच गोष्टीकडे वळवतोय आणि ती बिचारी जे तिला नीट ऐकूही आलं नव्हतं ते आठवायचा प्रयत्न करतेय. शेवटी ती म्हणते, "आता लय झालं, चहा ठेवतो मी." तिथे फाईल संपते.

२०१० च्या उन्हाळ्यात आजी गेली.

आता एक मोठी उडी मारतो, थेट टोरोंटोला. २०११ च्या हिवाळ्यात मी तिकडे ऑनसाइट होतो. आमच्या टीममध्ये टेस्टिंग बघणारी एक बाई होती, मूळची जमैकाची. माझ्या कोडमधले इतके बग तिने काढले की आमची दोस्ती होणं भागच होतं. जमैका म्हटलं की माझी गाडी मायकेल होल्डिंग आणि कोर्टनी वॉल्शवर जाऊन थांबायची. ती म्हणायची, तुम्ही भारतीय लोक आम्हाला क्रिकेटच्या पलीकडे ओळखतच नाही. बरोबरच होतं तिचं.

एकदा लंचला मी तिला आजीची ही फाईल ऐकवली. भाषा तिला कळणार नव्हती, नुसता आवाज ऐकवला आणि अर्थ सांगितला. "ते राहू दे" पर्यंत आलो तेव्हा ती जेवायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिने मला एक जुनं पुस्तक आणून दिलं. 'लायनहार्ट गॅल'. १९८६ चं.

ह्या पुस्तकाची गोष्ट अशी. १९७० च्या दशकात जमैकात मायकेल मॅनली यांचं सरकार होतं. बेकार बायकांना रोजगार म्हणून रस्ते झाडण्यासारखी कामं दिली जायची. त्यातल्या काही बायका १९७७ मध्ये कामगार सप्ताहात नाटक करायचं म्हणून एकत्र आल्या. मदतीला आली ऑनर फोर्ड-स्मिथ, नाटक शिकवणारी, मध्यमवर्गीय, शिकलेली. कशावर नाटक करायचं असं तिने विचारलं तर बायका म्हणाल्या, आम्ही बायका म्हणून जे सोसतो त्यावर. पहिलं नाटक कपड्यांच्या कारखान्यात युनियन उभारणाऱ्या बायकांवर झालं, त्यानंतरचं कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींवर. ह्या मंडळाचं नाव सिस्ट्रेन. नाटकं बसवता बसवता बायका आपापलं आयुष्य सांगत गेल्या, ते टेप होत गेलं, आणि त्यातून हे पुस्तक झालं.

मला ते वाचताना घाम फुटला, कारण बहुतेक पुस्तक शाळेतल्या इंग्रजीत नाहीच. तिकडच्या बोलीत आहे, पॅटवामध्ये. पहिली दहा पानं नुसती मोठ्याने वाचत होतो, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पण त्यातच गंमत आहे. झाडूवाली बाई ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत ती छापली गेली. तिच्या बोलण्याला कोणी इस्त्री केली नाही.

आणि मी काय केलं होतं? आजीच्या त्या अकरा मिनिटांचं मी एकदा 'टायपिंग' केलं होतं. कौतुकाने. त्यात "बायाईची सभा येगळी होती" चं "स्त्रियांची सभा वेगळी होती" करून टाकलं होतं! वऱ्हाडातून पुण्यात आलेल्या माणसाला हा रोग जडतोच. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर "काऊन" म्हटल्यावर पोरं हसली होती, तेव्हापासून "मले-तुले" मी बडनेरा स्टेशनवरच ठेवून गाडीत बसतो आणि परत येताना उचलतो. पण स्वतःची भाषा बदलणं वेगळं आणि आजीची बदलणं वेगळं.

असो. पुस्तक परत देताना मी तिला म्हटलं, तुमच्याकडे निदान हे झालं. आमच्याकडे माझ्या आजीसारख्या बायकांना कोणीच विचारलं नाही. तिने टेस्टर लोकांच्या खास थंड आवाजात विचारलं, "नक्की? तू शोधलंस?"

नव्हतं शोधलं.

त्या रात्री शोधलं आणि तासाभरात सापडलं. आधी इंग्रजी भाषांतर सापडलं, वंदना सोनाळकर यांनी केलेलं. मूळ मराठी पुस्तक 'आम्हीही इतिहास घडवला', लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून, साल १९८९. म्हणजे मी शाळेत जात होतो तेव्हाचं. आणि भाषांतर आलं २००८ मध्ये. ज्या वर्षी मी आजीला "ते राहू दे" म्हणत होतो त्याच वर्षी. टोरोंटोच्या बर्फात बसून, इंग्रजीतून, अमरावतीची माहिती मिळवणारा मी एकटाच नसेन म्हणा, पण लाज वाटायची ती वाटलीच.

त्या पुस्तकात आजीची सभा आहे.

नागपूर, जुलै १९४२. दलितांची अखिल भारतीय परिषद भरली होती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली ती हीच. आणि २० जुलैला बायकांची परिषद झाली, वेगळी. वीस-पंचवीस हजार बायका होत्या अशी नोंद आहे. अध्यक्ष : सुलोचनाबाई डोंगरे, अमरावती.

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. "एक बाई अध्यक्ष होती, आपल्या अमरावतीचीच." आजी बरोबर सांगत होती. अडुसष्ट वर्षं... नाही, २००८ म्हणजे सहासष्ट वर्षं ती बाई आजीच्या डोक्यात जशीच्या तशी बसली होती, आणि मी तिला उठवून लावलं होतं.

परिषदेत ठराव कोणते झाले ते वाचाच. बायकांना घटस्फोटाचा कायदेशीर हक्क हवा. एका पुरुषाने अनेक बायका करण्यावर कायद्याने बंदी हवी. गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे काम करणाऱ्या बायकांना वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा, इजा झाली तर भरपाई, आणि पेन्शन. बायका काम करतात तिथे देखरेखीला बाईच हवी. विधिमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायकांना जागा हव्यात. १९४२ मध्ये! आणि सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा विषय काढला होता, थोडी मुलं असावीत आणि ती नीट वाढवावीत असं वीस हजार बायकांसमोर त्या बोलल्या. आजीची आई आठ बाळंतपणं झालेली बाई. तिने हे ऐकलं तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? "ते बोलली, अन् माय..." ह्या 'अन् माय' च्या पुढे काय होतं? माय हसली? रडली? घरी येऊन आजोबांशी भांडली? ते वाक्य मी मध्येच तोडलं. आता ते कोणीही पूर्ण करू शकणार नाही.

(आमच्या कंपनीत रजेचे नियम सांगणारी जी पीपीटी दर जानेवारीत दाखवतात, ती आली की मला आता हमखास ह्या ठरावांची आठवण होते. रजा आकाशातून पडत नाही. कोणीतरी भाकरी बांधून, गाडीत उभं राहून, कुठेतरी जाऊन ती मागितलेली असते.)

ह्या दोन लेखिकांबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटलं ते सांगतो. त्या विद्यापीठात खुर्ची असलेल्या संशोधक नव्हत्या. उर्मिला पवार सरकारी खात्यात नोकरी करत होत्या, कोकणातल्या, कथा लिहिणाऱ्या. पुढे २००३ मध्ये त्यांचं 'आयदान' आलं ते तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. दोघीही चळवळीतल्याच. त्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायका शोधत फिरल्या, त्यांना बोलतं केलं, आणि सोबत जुन्या वर्तमानपत्रांतून परिषदांचे वृत्तांत काढले. पुस्तकाच्या एका भागात इतिहास आहे आणि दुसऱ्या भागात चाळीसहून अधिक बायकांची ओळख आणि मुलाखती. त्यात नागपूरच्या जाईबाई चौधरी आहेत, लहानपणी स्टेशनवर हमाली केलेल्या आणि पुढे मुलींची शाळा काढणाऱ्या. राधाबाई कांबळे आहेत, गिरणी कामगार. ह्या बायकांबद्दल मला एक ओळ माहीत नव्हती आणि मी स्वतःला आंबेडकरी घरातला म्हणवतो. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, माझ्या पणजीचा एकही नाही.

जमैकाच्या आणि आपल्या गोष्टीत फरकही आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तिकडे ऑनर फोर्ड-स्मिथ शिकलेली, बाकीच्या बायका झाडूवाल्या. पुस्तकावर मंडळाचं नाव आणि तिचं नाव, दोन्ही आहेत. पैसा बाहेरच्या देणगीदार संस्थांकडून यायचा, त्यांना अहवाल हवे असायचे, आणि अहवाल लिहिता येणार शिकलेल्यांनाच. मग निर्णय कोणाच्या हातात जाणार, सांगा? तिने स्वतःच १९८९ मध्ये ह्यावर एक अभ्यास लिहून हे सगळं उघड मांडलं. मला हे फार आवडलं. नाहीतर आपल्याकडे 'तळागाळातल्या लोकांसाठी काम' म्हटलं की सगळे इतके गोड बोलतात की संशय यावा.

पवार आणि मून यांच्याकडे हे अंतर कमी होतं. विचारणारी आणि सांगणारी एकाच चळवळीच्या. पण विद्यापीठाचा प्रश्न आपल्याकडेही सुटला नाहीच. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी लिहिलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात आणि ते वेगळेपण ऐकलं पाहिजे. त्यावर १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी वाद घातला. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या ह्या बाई २०१३ मध्ये अकाली गेल्या. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं : वेगळेपण मान्य केलं, त्यांचं त्यांना बोलू दिलं आणि आम्ही सुटलो, असं चालणार नाही, बिगर-दलित स्त्रियांनीही त्या जागेवरून बघायला शिकलं पाहिजे, त्यासाठी स्वतःला बदललं पाहिजे. २००६ च्या पुस्तकात त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना 'साक्ष' म्हटलं. एकट्या 'मी' ची कहाणी नाही, वस्तीची साक्ष. मी हिंजवडीला बसने जाता-येता ते पुस्तक वाचलं. अवघड इंग्रजी आहे, पण 'साक्ष' ह्या शब्दावर आलो तेव्हा फाईल आठवली. साक्षीदार बोलत असताना वकिलाने मध्ये बोलायचं नसतं.

आणि एक योगायोग. त्रिनिदादच्या रोडा रेडॉक नावाच्या संशोधिकेने, तिकडे उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय बायकांबद्दल लेख लिहिला आणि तो १९८५ मध्ये छापला कुठे, तर मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मध्ये. गुरू-रेगे वाद झाला तेच साप्ताहिक. म्हणजे तिकडच्या बायका आपल्या बायकांचा इतिहास खणत होत्या आणि आपण वॉल्शचे यॉर्कर मोजत होतो.

आता कोणी म्हणेल की वऱ्हाडात लिहिणाऱ्या बायका नव्हत्याच का? होत्या की. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ मध्ये नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी झाली), वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली, आणि ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांची जी काही हजेरी घेतली, वा! पुण्याला छापलं, पाचशे प्रती. जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली. पण त्यानंतर ते पुस्तक असं नाहीसं झालं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत लोकांना पत्ताच नव्हता. त्यानंतर मात्र चळवळीतल्या बायकांनी ते उचललं. नव्वदेक वर्षं धूळ खात पडलं तरी ते कागदावर होतं म्हणून परत आलं. माझी पणजी अंगठा उठवायची. आजी सही करायची, एवढंच.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. माझी आत्या तिथे राहते, आता सत्तरीच्या पुढे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. बोलता बोलता आतेभाऊ म्हणाला, "आई नामांतरात आत होती ना तीन दिवस." मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून १९७८ पासून जे आंदोलन चाललं आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन थांबलं, त्याबद्दल म्हणत होता. आत्या आणि तुरुंगात! मला परत तोच धक्का, परत तेवढाच उशिरा.

फोन काढला. ह्या वेळी तिला आधी विचारलं, रेकॉर्ड करू का. तिने पदर सारखा केला, चष्मा पुसला, म्हणाली, "कर बापा, पन हे तू करतं कायले?" मी म्हटलं, मला लिहायचं आहे. "इंग्रजीत?" नाही, मराठीत. "मंग माया बोलन्यातल्या चुका काढू नको."

नाही काढणार म्हटलं.

प्रश्न मी घरून लिहून नेले होते. पहिला प्रश्न 'कोणते नेते आले होते' असा लिहिलेला निघाला. हात लावीन तिथे तीच खोड! तो सोडला. विचारलं, "आत्या, तुझ्यासोबत कोण कोण होतं?"

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, त्या फाईलमध्ये नीट ऐकू येतात. मी मध्ये बोललो नाही. खूप जड गेलं, पण नाही बोललो. मग तिने बोटं मोडायला घेतली. गल्लीतली एक, सोबत शिकवणारी एक, विड्या वळणारी एक, जिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं आणि जिने ते सासूकडे न ठेवता सोबत आणलं होतं, कारण सासूही सोबत आली होती...

दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ती म्हणाली, "थांब, मले पानी देजो जरा. अजून लय जनी आहेत."